मज्जारज्जूला जबर इजा होऊनही सावरलेली माणसं: नेमकं काय घडतं?

रानवारा

कणा मोडला, मज्जारज्जूला मार बसला, डॉक्टरांनी 'आता चालणं विसरा' असं सांगितलं आणि तोच माणूस काही महिन्यांनी पायांवर उभा राहिला. अशा बातम्या अधूनमधून येतात. त्यावर कुणी म्हणतं जिद्द, कुणी म्हणतं देवाची कृपा, तर कुणी म्हणतं की मुळात इजा तेवढी नव्हतीच. यातल्या एकाही उत्तराने माझं समाधान होत नाही, म्हणून हा धागा.

तीन उदाहरणं देतो, कारण तिन्ही वेगवेगळ्या जातीची आहेत.

पहिलं केव्हिन एव्हरेट या अमेरिकन फुटबॉल खेळाडूचं. सप्टेंबर २००७ मध्ये सामन्यात टक्कर झाली आणि मानेतला तिसरा आणि चौथा मणका एकमेकांवरून सरकला. मानेखाली हालचाल नाही. सुरुवातीला डॉक्टरांनी फारशी आशा दाखवली नव्हती. शस्त्रक्रिया तातडीने झाली आणि थोड्याच दिवसांत हातापायांत हालचाल दिसू लागली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात तो स्वतःच्या पायांनी चालत लोकांसमोर आला.

दुसरं रायन शेझियरचं. तोही फुटबॉल खेळाडू. डिसेंबर २०१७ मध्ये पाठीच्या कण्याला मार बसून पाय गेले. एप्रिल २०१८ मध्ये तो होणाऱ्या बायकोच्या आधाराने मंचावर चालत आला, २०१९ मध्ये स्वतःच्या लग्नात नाचला. मैदानात मात्र परत उतरू शकला नाही आणि २०२० मध्ये निवृत्त झाला.

तिसरं ख्रिस्तोफर रीव्ह या नटाचं. तो कधीच चालला नाही, तरी मला त्याचं उदाहरण सगळ्यांत जास्त विचार करायला लावतं. मे १९९५ मध्ये घोड्यावरून पडून मानेच्या अगदी वरच्या मणक्यांना इजा झाली. श्वासही यंत्रावर. पुस्तकी हिशोबाने दोन वर्षांनंतर काही परत यायला नको होतं. पण पाच वर्षं उलटल्यावर त्याचं एक बोट त्याच्या मर्जीने हलू लागलं. पुढे अंगाच्या बऱ्याच भागात स्पर्श आणि टोचणी कळू लागली. २००२ मध्ये त्याच्या डॉक्टरांनी हे सगळं तपासण्यांसह वैद्यकीय नियतकालिकात मांडलं.

मला असं वाटू लागलंय की यात आश्चर्य रुग्णाच्या शरीरात कमी आणि आपण फार लवकर दिलेल्या निकालात जास्त असावं. या क्षेत्रात काम करणाऱ्यांनी आणि यातून गेलेल्यांनी लिहावं.

गिरकी

मी फिजिओथेरपिस्ट आहे, न्यूरो रिहॅबमध्ये, म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जूच्या इजांनंतरच्या पुनर्वसनात काम करते. तुमचा शेवटचा मुद्दा मला पटतो, पण त्याला एक पुस्ती जोडते. निकाल लवकर दिला जातो हे खरं, आणि पुष्कळदा तपासणी अर्धवट झालेली असते हेही तितकंच खरं.

इजा 'पूर्ण' की 'अपूर्ण' हे ठरतं मज्जारज्जूच्या अगदी शेवटच्या टोकावर. गुदद्वाराभोवतीच्या त्वचेला कापसाचा स्पर्श कळतो का, टाचणीचं टोक आणि बोथट बाजू यातला फरक सांगता येतो का, आतून दाब दिला तर जाणवतो का, आणि तो स्नायू स्वतःहून आवळता येतो का. यातलं एकही शिल्लक असेल तर इजा अपूर्ण. पाय लाकडासारखे पडलेले असले तरी अपूर्ण! ही तपासणी अवघडल्यासारखी वाटते म्हणून घाईत उरकली जाते किंवा राहूनच जाते. मग कागदावर 'पूर्ण' असं लिहिलं जातं आणि घरच्यांच्या मनात ते कोरलं जातं.

दुसरी गोष्ट टाचणीची. स्पर्श आणि टोचणी या दोन संवेदना मज्जारज्जूत वेगवेगळ्या वाटांनी वर जातात. टोचणीची वाट हालचालीचे आदेश खाली नेणाऱ्या मुख्य वाटेला लागून आहे. त्यामुळे ज्याला हालचाल शून्य पण खाली टोचणी कळते, त्याची शेजारची वाटही थोडीफार वाचली असण्याची शक्यता जास्त. अशांपैकी बरेच जण पुढे चालतात. नुसता स्पर्श कळणाऱ्यांचं तसं होईलच असं नाही.

आणि स्नायू तपासताना नुसतं बघून भागत नाही. मी पेशंटला मांडी आवळायला सांगते आणि गुडघ्याच्या जरा वर चार बोटं टेकवून ठेवते. गुडघा हलत नाही, वरून काही दिसत नाही, पण कधीकधी बोटांखाली एक बारीकशी ताण आल्याची जाणीव होते आणि 'सोडा' म्हटल्यावर ती जाते. ही ५ पैकी १ ताकद. घरचे म्हणतात, एवढ्याने काय होतंय. पण शून्य आणि एक यांत जेवढं अंतर आहे तेवढं एक आणि तीन यांतही नाही.

पानगळ

हे 'स्पायनल शॉक' प्रकरण सतत वाचनात येतं. कुणी सोप्या भाषेत सांगेल का? त्यामुळेच सुरुवातीचे अंदाज चुकतात ना?

निशिगंध

मोठ्या प्रमाणावर हो. मी मणक्यांच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या टीममध्ये असते.

जोराचा मार बसला की इजेच्या खालचा मज्जारज्जू काही काळ पूर्ण गप्प होतो. हालचाल नाही, संवेदना नाही, गुडघ्यावर हातोडी मारली तर प्रतिक्षिप्त क्रियाही नाही. ही अवस्था काही दिवस, कधी काही आठवडे टिकते. त्या काळात कोणते तंतू कायमचे तुटलेत आणि कोणते फक्त बधिर झालेत हे बाहेरून ओळखणं अवघड असतं. पूर आलेला असताना रस्ता वाहून गेलाय की नुसता पाण्याखाली आहे हे कळत नाही, तसं. त्यात पेशंट भुलीच्या औषधांखाली असेल, डोक्यालाही मार असेल, नळी घातल्यामुळे बोलता येत नसेल, तर पहिल्या काही तासांतली तपासणी आणखी कच्ची ठरते. म्हणून भाकितासाठी आम्ही साधारण ७२ तासांनंतरच्या तपासणीला जास्त वजन देतो.

श्रेणी ए ते ई अशा पाच आहेत. ए म्हणजे शेवटच्या टोकापर्यंत काहीच शिल्लक नाही. बी म्हणजे संवेदना आहे, हालचाल नाही. सी आणि डी मध्ये हालचाल आहे, पण ताकद कमीजास्त. ई म्हणजे तपासणीत सगळं ठीक. पहिल्या वर्षात ए मधल्या साधारण पाचातल्या एकाची श्रेणी बदलते आणि त्यातही काही जण फक्त बी पर्यंत पोचतात. हे मी मुद्दाम लिहितेय. बातमीत येतो तो एकच जण, बाकीच्या चौघांची बातमी होत नाही.

इजेच्या प्रकारावरही खूप काही ठरतं. उतारवयात मान झटक्याने मागे गेली की मज्जारज्जूचा मधला भाग चेपतो. त्यात हात जास्त लुळे पडतात आणि पाय त्यामानाने वाचतात. असे बरेच पेशंट चालू लागतात, बोटांची बारीक कामं मात्र मागे राहतात. मज्जारज्जूच्या एकाच बाजूला इजा झाली असेल, ज्याला ब्राऊन-सेकार्ड म्हणतात, तर चालण्याच्या बाबतीत अंदाज सगळ्यांत चांगला असतो.

आणि वेळ! मणका सरकून मज्जारज्जू दाबला गेला असेल तर तो दाब लवकर काढणं महत्त्वाचं. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात मानेच्या इजेची शस्त्रक्रिया २४ तासांच्या आत झालेल्यांपैकी १९.८ टक्के पेशंट सहा महिन्यांत किमान दोन श्रेणी वर गेले. उशिरा झालेल्यांत हे प्रमाण ८.८ टक्के होतं. एव्हरेटला अँब्युलन्समध्ये थंड सलाईन दिलं होतं, त्याची फार चर्चा झाली. पण त्याच्या बाबतीत थंडाव्याने किती केलं आणि लवकर दाब काढल्याने किती, हे एका माणसावरून ठरवता येत नाही. मला दुसऱ्या गोष्टीचं वजन जास्त वाटतं.

वाटसरू

गेली कित्येक वर्षं चाकाच्या खुर्चीत आहे. मानेची इजा, सहाव्या मणक्यापाशी, श्रेणी ए. ती आजही ए आहे.

धागा चांगला आहे, पण 'सावरणं' म्हणजे 'चालणं' असं धरून सगळे लिहिताहेत, त्याबद्दल बोलायचंय. चालण्याचं दुःख मला नाही असं म्हणणार नाही. पण मला कुणी विचारलं की एकच गोष्ट परत मिळणार असेल तर काय मागशील, तर मी हाताची बोटं मागेन. त्याखालोखाल लघवी आणि शौचावरचा ताबा. माझ्या ओळखीतले मानेच्या इजेचे बहुतेक जण हेच सांगतात.

माझ्या बाबतीत 'आश्चर्य' घडलं ते असं. सुरुवातीला फक्त कोपर वाकायचं. काही महिन्यांनी मनगट वर उचलता यायला लागलं. श्रेणी तीच, पण मज्जारज्जूच्या काम करणाऱ्या भागात एका पातळीची भर पडली. मनगट वर उचललं की अंगठा आणि तर्जनी आपोआप जवळ येतात, कारण बोटांच्या शिरा मागून ताणल्या जातात. मनगट खाली सोडलं की उघडतात. बोटांत शून्य ताकद असून मी याच्या जोरावर चमचा धरतो, दात घासतो, फोन वापरतो. माझ्या फिजिओने पहिल्यापासून बोटं सरळ ताणू दिली नाहीत, त्या शिरा थोड्या आखूडच राहू दिल्या, म्हणून ही पकड मिळाली. कुणी प्रेमापोटी रोज बोटं ताणून सरळ केली असती तर ही पकड गेली असती.

इतिहासही आठवावा. दुसऱ्या महायुद्धापूर्वी अशी इजा झालेले बहुतेक जण पाठीवरच्या जखमा आणि मूत्रमार्गाचा संसर्ग यांनी थोड्याच काळात दगावत. लुडविग गुटमन यांनी १९४४ मध्ये इंग्लंडात स्टोक मँडेव्हिल इथे विभाग सुरू केला. दर दोन तासांनी कूस बदलणं, मूत्राशयाची शिस्तशीर निगा, आणि माणसाला अंथरुणातून बाहेर काढून कामाला, खेळाला लावणं. १९४८ मध्ये त्यांनी तिथे भरवलेल्या स्पर्धांतून पुढे पॅरालिम्पिक उभं राहिलं. आपले मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली अपंग झाले आणि १९७२ मध्ये हायडेलबर्गला ५० मीटर पोहण्यात सुवर्णपदक घेऊन आले. त्यांचे पाय परत आले नव्हते. मी याला सावरणंच म्हणतो.

रानवारा

वाटसरू दादा, मनापासून आभार. शीर्षकात मी 'सावरलेली' हाच शब्द वापरला, पण उदाहरणं देताना चालण्याकडेच झुकलो. तुमच्या मनगटाच्या पकडीचं वर्णन वाचून हालचाल किती बारकाव्याने मोजावी लागते ते कळलं.

मृण्मयी_स

मी इथे फक्त वाचते, आज लिहायचं धाडस करतेय. माझ्या धाकट्या भावाला अलीकडेच उंचावरून पडून मानेला मार बसला. शस्त्रक्रिया झाली आहे. एका डॉक्टरांनी 'पूर्ण इजा आहे, मनाची तयारी ठेवा' असं सांगितलं. दुसरे म्हणाले आत्ताच काही बोलता येत नाही. आई रोज त्याच्या पायाला हात लावून विचारते, कळतंय का रे? काल त्याचा अंगठा हलला, आम्ही सगळे रडलो. नर्स म्हणाल्या तो झटका असतो, आपोआप येतो. आता काय धरून चालायचं?

निशिगंध

मृण्मयी, तुम्हाला पडलेला प्रश्न अगदी योग्य आहे. दोन्ही डॉक्टर आपापल्या जागी खरं बोलत असतील. एकाने आजची श्रेणी सांगितली, दुसऱ्याने उद्याबद्दल बोलायचं टाळलं.

तुम्ही एवढं करा. पूर्ण तपासणीचा तक्ता मागा, ज्यात प्रत्येक स्नायूची ताकद आणि स्पर्श, टोचणी यांचे आकडे शरीराच्या दोन्ही बाजूंसाठी वेगवेगळे लिहिलेले असतात. तो कोणत्या दिवशी केला ते पाहा. शेवटच्या टोकाची तपासणी झाली का ते स्पष्ट विचारा, संकोच करू नका. ७२ तासांच्या आत झाली असेल तर पुन्हा करायला सांगा, आणि एका महिन्याने परत. दोन तक्ते शेजारी ठेवले की जी दिशा दिसते ती कुणाच्याही बोलण्यापेक्षा भरवशाची.

एक वर्षाने स्वतंत्रपणे चालता येईल का याचा अंदाज बांधण्याची साधी पद्धत २०११ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. तिला पाचच गोष्टी लागतात: वय ६५ च्या आत की पुढे, मांडीच्या पुढच्या स्नायूची ताकद, पोटरीची ताकद, आणि मज्जारज्जूच्या त्याच दोन पातळ्यांवरचा स्पर्श. एमआरआयसुद्धा त्यात नाही. एमआरआय महत्त्वाचाच आहे, रक्तस्राव आणि दाब त्यात दिसतो, पण हाताने नीट केलेल्या तपासणीची जागा तो घेत नाही.

गिरकी

मृण्मयी ताई, अंगठ्याबद्दल. शॉकची अवस्था ओसरली की प्रतिक्षिप्त क्रिया परत येतात आणि पाय आपोआप झटके देतो. तो मर्जीने हलला की आपोआप, हे ओळखायची साधी रीत आहे. पायाला हात लावू नका, चादरही हलवू नका. भावाला सांगा, मी म्हणेन तेव्हाच हलव आणि थांब म्हटलं की थांब. मध्ये मुद्दाम वेळ जाऊ द्या. मग दुसऱ्या पायाचा अंगठा सांगा. सांगितल्यावर, सांगितलेला आणि सांगितल्यावर थांबणारा, असं पुन्हा पुन्हा जमलं तर फिजिओला लगेच बोलवा.

आईंनी विचारण्याची पद्धतही थोडी बदलू या. हात लावलेला दिसत असेल तर तो 'हो' म्हणणारच, त्याला आईचं मन मोडवणार नाही. त्याचे डोळे मिटलेले असू द्या, कधी हात लावा, कधी लावू नका, आणि 'आत्ता?' एवढंच विचारा. आणि हे दिवसातून सारखं करू नका. त्याला प्रत्येक वेळी नापास झाल्यासारखं वाटत असतं.

वाटसरू

ताई, मी त्या बेडवर होतो म्हणून सांगतो. तो आत्ता सगळ्यांचे चेहरे वाचत असेल. त्याच्यासमोर आशा किंवा निराशा यांचा निवाडा करू नका, इतर गोष्टी बोला.

काही परत येवो न येवो, आज तीन गोष्टी सांभाळायच्याच. त्वचा: ठरलेल्या वेळी कूस, आणि माकडहाड, टाचा, कोपर रोज डोळ्यांनी बघणं. बेडसोर, म्हणजे सतत दाब पडून होणारी जखम, झाला तर ऐन सुधारणेचे महिने आडवं पडून जातात. सांधे: खांदे, घोटे आखडू देऊ नका, पण हाताच्या बोटांबद्दल आधी फिजिओला विचारा. मूत्राशय: कॅथेटर कधी काढायचा, नंतर ठराविक वेळाने नळी घालून लघवी काढायचं कोण शिकवणार, हे आत्तापासून विचारा.

आणखी एक. मानेची इजा असल्यामुळे पुढे अचानक डोकं ठणकणं, चेहरा लाल होणं, वरच्या अंगाला दरदरून घाम, असं झालं तर ती साधी डोकेदुखी समजू नका. रक्तदाब झपाट्याने चढत असतो. त्याला लगेच बसतं करा, कपडे सैल करा, कॅथेटर दुमडला किंवा तुंबला आहे का ते बघा आणि डॉक्टरांना बोलवा. बहुतेक वेळा भरलेलं मूत्राशय हेच कारण निघतं. सगळ्याच नर्सेसना हे माहीत असतं असं नाही.

चंद्रकोर

स्टेम सेलबद्दल कुणीच लिहिलं नाही? एका ओळखीच्यांना परदेशातल्या क्लिनिकचा फोन आला होता, खात्रीने चालाल म्हणाले.

निशिगंध

'खात्रीने' हा शब्द कानावर पडला की फोन ठेवावा. पेशींवर प्रामाणिक संशोधन चालू आहे. २०१४ मध्ये पोलंडमधल्या डारेक फिडिका यांची गोष्ट जगभर गाजली. चाकूहल्ल्यात मज्जारज्जू जवळजवळ तुटला होता, त्यांच्याच डोक्यातल्या गंधाशी संबंधित पेशी तिथे रोपल्या आणि पुढे ते वॉकर धरून चालले. पण तो एक माणूस आहे, आणि सोबतीला अत्यंत कष्टाचा व्यायाम होता. त्याच वर्षी उलट उदाहरणही प्रसिद्ध झालं. एका तरुणीच्या पाठीत नाकाच्या आतल्या अस्तराचा भाग रोपला होता. फायदा काहीच नाही, आणि आठ वर्षांनी पाठ दुखते म्हणून तपासलं तर तिथे गाठ वाढलेली, तिच्यातून नाकातल्यासारखाच द्राव पाझरत होता. चाचणीच्या चौकटीबाहेर कुणी पेशी टोचत असेल तर जाऊ नका. आणि एकदा असं काही करून घेतलं की पुढे खऱ्या चाचण्यांत बहुधा घेत नाहीत.

रानवारा

पेशींपेक्षा मला विद्युत उत्तेजनाचं संशोधन जास्त भरीव वाटतं, कारण ते धाग्याच्या मूळ प्रश्नालाच हात घालतं. रॉब समर्स या बेसबॉल खेळाडूला २००६ मध्ये गाडीने उडवलं, पाय पूर्ण गेले. २००९ मध्ये अमेरिकेतल्या लुइव्हिलच्या संशोधकांनी त्याच्या कमरेच्या पातळीवर मज्जारज्जूच्या आवरणावर इलेक्ट्रोड बसवले. उद्देश फक्त उभं राहण्याचा होता. यंत्र चालू असताना तो उभा राहिलाच, शिवाय मर्जीने पायाची बोटं हलवू लागला, आणि याची अपेक्षा कुणी केली नव्हती. २०१४ मध्ये असे चार जण झाले. चौघांनाही यंत्र चालू असताना मर्जीने हालचाल करता आली, आणि त्यातले दोघे संवेदनाही नसलेले, म्हणजे श्रेणी ए चे होते!

म्हणजे तपासणीत 'काहीच नाही' दिसत असताना काही तंतू वाचलेले होते. आदेश इतका क्षीण की खालच्या पेशी तो ऐकू शकत नव्हत्या. विजेने त्या पेशी जाग्या ठेवल्या आणि आदेश पोचला. कमरेच्या भागातल्या मज्जारज्जूत पावलं टाकण्याचं स्वतःचं जाळं असतंच, त्याला मेंदूकडून थोडासा इशारा पुरतो. रीव्हचं बोट पाच वर्षांनी हललं त्यामागेही असंच काही असावं असं मला वाटतं.

पुढे २०२३ मध्ये गेर्ट-यान ओस्काम यांच्या मेंदूतले संकेत वाचून ते मज्जारज्जूवरच्या इलेक्ट्रोडपर्यंत पोचवणारी जोडणी स्वित्झर्लंडमध्ये केली गेली. त्यांचा अपघात २०११ चा. सरावानंतर जोडणी बंद असतानाही ते कुबड्या घेऊन पावलं टाकू शकले. आणि २०२४ मध्ये शस्त्रक्रियेशिवाय, त्वचेवरून दिलेल्या उत्तेजनाची चाचणी ६० जणांवर झाली, तीही हातांसाठी. वाटसरू दादांनी जे मागितलं तेच. त्यातल्या ७२ टक्के लोकांच्या हातांची ताकद आणि उपयोग दोन्ही वाढले. त्या वर्षाच्या अखेरीस अमेरिकेत त्या उपकरणाला परवानगी मिळाली.

वाटसरू

त्या चाचणीबद्दल वाचलंय. त्यात जुन्या इजेची माणसंही होती हे मला मोलाचं वाटलं. इतकी वर्षं आमच्यासारख्यांना 'तुमची वेळ गेली' असंच ऐकवलं जायचं.

पानगळ

मग तो सहा महिन्यांचा नियम खोटा म्हणायचा का? सगळे म्हणतात, सहा महिन्यांत जे येईल ते येईल.

गिरकी

खोटा नाही, पण अर्धा आहे. सगळ्यांत जास्त वेग पहिल्या तीन महिन्यांत असतो, सहा महिन्यांनंतर मंदावतो, वर्ष-दीड वर्षाने बहुतेकांचा आलेख सपाट होतो. म्हणून सुरुवातीचे महिने वाया घालवू नयेत. पण आलेख सपाट झाल्यावरही व्यायाम सोडलेला आणि चालू ठेवलेला पेशंट यांत फरक मला रोज दिसतो. ताकद तेवढीच असून तिचा वापर सुधारतो. दोन माणसं धरून खुर्चीत बसवावा लागणारा मुलगा फळीवरून स्वतः सरकून बसायला शिकतो, तेव्हा तक्त्यातला एकही आकडा बदललेला नसतो.

मृण्मयी_स

सगळ्यांचे आभार. आज तक्ता मागितला. तपासणी दुसऱ्याच दिवशीची होती, तो व्हेंटिलेटरवर असताना केलेली. शेवटच्या रकान्यांत 'तपासता आलं नाही' असं लिहिलंय. डॉक्टर परवा पुन्हा करणार आहेत आणि मला तिथे थांबायला हरकत नाही म्हणाले. अंगठा सांगितल्यावर हलला नाही. आईला डोळे मिटायची पद्धत दाखवली. अजून काही विचारायचं राहतंय का?

निशिगंध

'तपासता आलं नाही' आणि 'शून्य' यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. तेवढ्यावरून श्रेणी ए लिहिली गेली असेल तर ती कच्ची धरा. परवा तो पूर्ण जागा असताना, झोपेची किंवा गुंगीची औषधं उतरल्यावर तपासा असं आधीच कळवून ठेवा. टाचणीची तपासणी वेगळी करायला सांगा, नुसत्या कापसावर भागवू देऊ नका. आणि तक्त्याची प्रत तारखेसह तुमच्याकडे ठेवा. रिहॅबमध्ये हलवतील तेव्हा पहिल्यांदा तीच मागतील.

गिरकी

आणि हाताच्या मनगटाचं विसरू नका. सगळ्यांचं लक्ष पायाकडे असतं. मनगट वर उचलण्याचा प्रयत्न करताना कोपराच्या खाली, हाताच्या वरच्या बाजूला बोटं टेकवून काही जाणवतंय का ते त्यांच्या फिजिओला बघायला सांगा.